बाँबवाल्या अक्का

इंदापूर तालुक्यातल्या कळंबमध्ये त्यांना सगळे 'बाँबवाल्या अक्का' म्हणत. बारामतीला आमच्या कॉलेजात त्या नुसत्या 'बाई' होत्या. दिल्लीत आणि परदेशात त्यांच्या नावाआधी डॉक्टर लागत असे, पण ते नाव इकडं कुणी वापरलं नाही. बाँबवाल्या म्हटलेलं त्यांना मनापासून आवडे. "फक्त एक आहे," त्या म्हणत, "मी जन्मात एकही बाँब बघितलेला नाही. फटाका उडाला तरी माझं काळीज हलतं."

हे अगदी खरं होतं. दिवाळीत बाई दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून स्वयंपाकघरात शेव पाडत बसायच्या. आम्ही फराळाला जायचो, कडी वाजवून वाजवून हात दुखायचे, आणि त्यांना काही ऐकू जायचं नाही. शेवटी त्यांच्या माडीखालच्या कृषी सेवा केंद्राचे मालक काठीनं छताला ठोकायचे, तेव्हा कुठं दार उघडायचं.

त्या मालकांशी बाईंचा एक करारच होता. सकाळी खताची गाडी आली की पोती धपाधप पडत, आणि वर बाई दचकून उठत. त्यांनी तक्रार केली नाही. त्या खाली गेल्या, मालकांच्या शेजारी पोत्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "गाडी लागायच्या आधी मला नुसती एक हाक मारत चला. पोती तुम्ही कशीही टाका." तेव्हापासून रोज सकाळी गल्लीभर आवाज घुमे, "बाई, गाडी लागतीय हो!" आणि वरून उत्तर येई, "लागू द्या!"

बाईंनी जन्मभर जे काम केलं ते हेच, फक्त जरा मोठ्या गाड्यांचं. आंतरराष्ट्रीय सुरक्षा धोरण हा त्यांचा अभ्यासाचा विषय. कळंबच्या शाळेतून बारामती, बारामतीहून पुणं, पुण्याहून दिल्ली असं शिकत गेलेली ही शेतकऱ्याची मुलगी पुढं दिल्लीच्या एका अभ्यास संस्थेत संशोधक झाली. भांडणाऱ्या दोन देशांत एकानं क्षेपणास्त्राची चाचणी घ्यायची ठरवली, तर दुसऱ्याला तो हल्ला वाटू नये म्हणून आधी कसं कळवायचं, कुणी कळवायचं, कोणत्या शब्दांत कळवायचं, यावर त्यांनी उभी हयात घालवली. एकदा सुट्टीत घरी आल्या असताना त्यांच्या आईनं विचारलं, "तू तितं करतीस तरी काय?" बाईंनी बापडीला तासभर समजावून सांगितलं. आई गोठ्यात धार काढत होती. ती मान वर न करता म्हणाली, "म्हंजी कुत्रं सोडायच्या आधी शेजाऱ्याला हाळी द्यायची. मग बरं हाय की. लगीन कवा करतीस?"

लग्न त्यांनी केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मसुदा पसंत पडला नाही."

मी बारामतीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते. दिल्लीची नोकरी संपवून बाई आमच्याकडं शिकवायला आल्या तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता रोज मोठमोठ्या गोष्टी ऐकायला मिळणार. बाईंनी स्वतःहून पहिल्या वर्षाचा वर्ग मागून घेतला. ऐन एप्रिलातही त्या पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालत. परदेशातल्या सभागृहांतली थंडी हाडांत शिरलीय, ती बारामतीच्या उन्हानंही निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. टेबलासमोर बसलेल्या माणसाशी त्या कधी बोलत नसत. खुर्ची उचलून त्याच्या बाजूला नेत. प्राचार्यांच्या केबिनमध्येसुद्धा त्या अशाच टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या होत्या. प्राचार्य बिचारे खुर्चीसकट मागं सरकले.

वर्गात 'का' विचारायला मनाई होती. "का विचारलंत की समोरचा वकील होतो," त्या मुलांना सांगत. "कसं झालं विचारा. मग तो साक्षीदार होतो." मुलं हसत. पण दोन मुलं मारामारी करून आली की बाई दोघांना शेजारी शेजारी बसवून एकाला म्हणत, "आता याची बाजू तू मांड." मारणारा मार खाणाऱ्याची बाजू मांडताना असा काही अडखळे की सगळा वर्ग पोट धरून हसे, आणि शेवटी तो स्वतःही.

एवढ्या मोठ्या भांडणांत मध्यस्थांच्या शेजारी बसलेल्या या बाईंचा सख्खा भाऊ मात्र त्यांच्याशी बोलत नव्हता.

हे मला त्यांच्याकडून कळलं नाही. बाजाराच्या दिवशी कळंबहून त्यांची भावजय कमलवहिनी यायच्या, तेव्हा एकदा मी तिथं होते. वहिनी आल्या आल्या पिशवीतून खवा, लसूण आणि ताज्या तुपाचा डबा काढून ठेवायच्या, आणि म्हणायच्या, "वन्सं, ह्यांना ठावं न्हाय हां मी आल्याली." बाई हसून मला म्हणायच्या, "अधिकृत बोलणी बंद असली तरी मागचं दार उघडं लागतं बघ. हे माझं मागचं दार." वहिनींना ते काही कळायचं नाही. पण दार म्हटलं म्हणून त्या उगाच उठून कडी लावून यायच्या.

मग वहिनींनीच मला सगळं सांगितलं. तात्या, म्हणजे बाईंचे वडील, वारले तेव्हा बाई व्हिएन्नात होत्या. तिथं दोन्ही बाजूंचे लोक बंद दाराआड बसले होते, सगळ्यांचे फोन बाहेर जमा होते. निरोप पोचेपर्यंत इकडं अग्नी दिला गेला होता. बाई कळंबला पोचल्या तेव्हा सावडणंसुद्धा उरकलं होतं. धाकटा भाऊ, त्याला सगळे बापू म्हणतात, अंगणात उभा होता. तो एवढंच म्हणाला, "जा. परक्यांची भांडणं मिटव. हितलं मिटलंय." त्यानंतर तो बोलला नाही. बाई फोन करायच्या, तो वहिनींच्या हातात द्यायचा. निवृत्त झाल्यावर बाईंनी पुण्यात घर न घेता बारामतीत माडीवर दोन खोल्या का घेतल्या, ते मला त्या दिवशी कळलं. तिथून कळंबला जायला तासभरही लागत नाही. आणि तरीही त्या एकदाही गेल्या नव्हत्या. "बोलावल्याशिवाय हद्द ओलांडायची नाही," एवढंच त्या म्हणाल्या, आणि विषय बदलला.

दर रविवारी सकाळी बाईंना एक फोन यायचा. लाहोरचे एक म्हातारे प्राध्यापक होते. वर्षानुवर्षं परिषदांमधून ते बाईंच्या विरुद्ध बाजूला बसलेले. एकाही मुद्द्यावर दोघांचं कधी पटलं नव्हतं. आता दोघंही निवृत्त. बोलणं असायचं गुडघ्यांचं, पेरूंचं, नातवंडांचं. बाईंना नातवंडं नव्हती, म्हणून त्या आमच्या वर्गातल्या मुलांचं सांगायच्या. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. सरकारदरबारीही त्यांची ही ओळख जुनी, माहितीतली होती.

पुढं सीमेवर वातावरण तापलं. टीव्हीवर दिवसभर आरडाओरडा सुरू झाला, आणि बाईंनी भाकरी थापायला सुरुवात केली. काळजी वाटली की त्या भाकरी थापत. माझ्या डब्यात, शिपायाच्या डब्यात, खालच्या मालकांच्या घरी, सगळीकडं बाईंच्या भाकरी. त्या दिवसांत लाहोरचा फोन मधल्याच वारी, भर दुपारी आला. बाई कॉलेजच्या व्हरांड्यात होत्या. तिथंच खांबाला टेकून त्या बोलल्या. "आप लोग ठीक हैं न?" असं विचारलं, पलीकडचं ऐकलं, आणि म्हणाल्या, "यहाँ भी सब डरे हुए हैं, भाईसाहब. मैं भी."

एका मुलानं ते मोबाइलवर टिपलं. संध्याकाळपर्यंत ते बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुक्यांतल्या फोनांवर फिरलं. 'आपले लोक घाबरलेत असं शत्रूला सांगणारी प्राध्यापिका.' खाली आणखी काय काय लिहिलं होतं ते लिहवत नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. या वेळी बाई शेजारी बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. प्राचार्य भले गृहस्थ होते, पण वरून फोन आले होते. "बाई, थोडे दिवस घरीच थांबा."

"थोडे म्हणजे किती?"

प्राचार्यांनी समोरची फाइल उघडली. बाईंनी टेबलावरची आपली छत्री उचलली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "टिपणारा मुलगा कोण?"

मी सांगितलं. शेळगावचा सागर. हुशार, पण तापट. त्याचा थोरला भाऊ फौजेत होता, त्या दिवसांत सीमेवरच. आठवडाभर त्याचा घरी फोन नव्हता.

बाई जिन्यात थांबल्या. "मग त्याला राग यायलाच हवा," म्हणाल्या. "मी त्याच्या जागी असते तर मलाही आला असता."

त्या संध्याकाळी कुणीतरी बाईंच्या खिडकीवर दगड मारला. काच फुटली नाही, पण तडा गेला. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्याकडं गेले, तर खाली दुकानाच्या पायरीवर, खताच्या पोत्याला पाठ लावून एक उंच, काळासावळा, पांढऱ्या मिशांचा माणूस बसला होता. मांडीवर काठी. वर गेले तर बाई खिडकीआडून खाली बघत होत्या.

"तो बापू आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पहाटेपासून बसलाय. कळंबात पारावर कुणीतरी ते मोबाइलवरचं दाखवलं, कमलनं फोनवर सांगितलं. त्या माणसाची गचांडी धरली आणि तडक इकडं आलाय."

"मग वर बोलवा ना."

"तो माझ्याशी बोलत नाही." हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. त्यांनी चहा केला आणि कप माझ्या हातात दिला. "त्याला दे. म्हणावं, साखर कमी घातलीय, वाढवायची असली तर सांग."

मी खाली गेले. बापूंनी चहा घेतला, फुंकर घातली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिला म्हणावं, खिडकीत हुबं ऱ्हाऊ नगं."

मी वर येऊन सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्याला म्हण, ऊन वाढलंय, टोपी घाल." मी पुन्हा खाली. "तिला म्हणावं, टोपी घराकडं ऱ्हायली." मी पुन्हा वर. बाईंनी स्वतःचा स्कार्फ दिला. बापूंनी तो बघितला आणि डोक्याला गुंडाळला. गुलाबी फुलांचा स्कार्फ गुंडाळून, काठी आडवी धरून हा माणूस दिवसभर तिथं बसला. येणारे-जाणारे बघत होते. एकाचीही हसायची हिंमत झाली नाही. दुपारी मी एक ताट खाली नेलं, रिकामं वर आणलं. जिना चढून-उतरून माझे पाय भरून आले. जन्मात मी मध्यस्थी म्हणून एवढीच केली.

दुसऱ्या दिवशीही ते तसेच आले. त्या दिवशी बाई म्हणाल्या, "चल, शेळगावला जाऊ."

मी घाबरले. "सागरकडं? बाई, आत्ता नको."

"आत्ताच. त्याच्या आईला एकटीला बसवून सगळे टीव्ही बघत असतील."

माझ्या स्कूटीवर मागं बसून बाई निघाल्या. उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत, लासुर्णे मागं टाकत आम्ही चाललो. आरशात बघितलं तर मागं बापूंची मोटरसायकल. आम्ही हळू झालो की ती हळू, आम्ही थांबलो की ती थांबे.

सागर अंगणातच होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा उतरला, मग कडक झाला. त्याची आई पुढं आली. बाईंना खालवर बघून म्हणाली, "तुमीच त्या?"

"मीच."

"बसा." तिनं तांब्याभर पाणी दिलं. दारी आलेल्याला पाणी द्यायची रीत तिला राग असतानाही मोडवली नाही. बाई पायरीवर तिच्याशेजारी टेकल्या. सागरची आई एकदम म्हणाली, "तुमच्या तिकडं वळखी हायत म्हंत्यात. मग इचारा की त्यास्नी, माझा थोरला कसा हाय ते."

सागर ओरडला, "आई!"

"तू गप."

बाई म्हणाल्या, "त्यांना नाही ठाऊक, ताई. एक म्हातारा माणूस आहे तो. माझ्यासारखाच टीव्हीसमोर बसलाय."

"मग काय उपेग त्या वळखीचा?"

हा प्रश्न दिल्लीत, व्हिएन्नात कुणी कुणी त्यांना विचारला असेल. तिथं त्यांनी लांबलचक उत्तरं दिली असतील. इथं त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "बऱ्याचदा काहीच झाला नाही," त्या म्हणाल्या. "कधीकधी झाला. झाला तेव्हा काही घडलंच नाही, म्हणून तो कुणाला दिसला नाही."

सागरच्या आईनं पदरानं तोंड पुसलं. "मग ह्या खेपंलाबी काय घडू नये बघा," म्हणाली, आणि उठली. "माझ्याच्यानं बसवत न्हाय. पेरू ऱ्हायल्यात. या, येत असाल तर."

घरामागंच पेरूची बाग होती. झाडावरच्या एकेका फळाला फोमची जाळी आणि वर पिशवी घालायचं काम चाललं होतं. बाईंनी स्वेटरच्या बाह्या सारल्या आणि जाळ्या घेतल्या. त्यांना ते मुळीच जमत नव्हतं. जाळी फाटे, देठ वाकडा होई, एक फळ तर हातातच आलं. सागरची आई नुसती पुन्हा नीट करत होती. रस्त्याच्या कडेला मोटरसायकलवर बसलेले बापू हे सगळं बघत होते. शेतात जन्म गेलेल्या माणसाला ते बघवेना. काठी मोटरसायकलला लावून ते बांध ओलांडून तरातरा आत आले आणि बाईंच्या हातातली जाळी त्यांनी काढून घेतली.

"आगं, असं न्हाय. हात काढ. खालनं घाल, वर वढ."

बाईंनी हात काढला. बापूंनी एका फळाला घालून दाखवलं, मग जाळी परत त्यांच्या हातात दिली. "घाल आता." बाईंनी घातली. या वेळी नीट बसली.

"ह्या तुमच्या कोण?" सागरच्या आईनं विचारलं.

"थोरली भन हाय माझी," बापू म्हणाले. त्यांच्या डोक्याला अजून तो गुलाबी स्कार्फच होता.

एका ओळीची झाडं होईपर्यंत सगळे काम करत राहिले. सागर कधीतरी जाळ्यांचं पोतं घेऊन आला आणि बाईंच्या पायाशी ठेवून गेला. माफी वगैरे त्यानं मागितली नाही. बाईंनी मागायला लावली नाही.

परतताना बांधावर बापू थांबले. मी स्कूटीकडं पुढं गेले, पण आवाज कानावर आलाच.

"अक्का, तात्या गेलं तवा घर मान्सांनी भरल्यालं हुतं," बापू म्हणत होते. "समदी मलाच इचारत हुती, आता काय करायचं, आता काय करायचं. मला लई भ्या वाटलं हुतं. मी वाटंकडं बघत हुतो तुझ्या."

बाईंनी भावाच्या डोक्यावरचा स्कार्फ सोडला, त्याच्या तोंडावरचा घाम पुसला, आणि पुसतच राहिल्या. बापू तसेच उभे होते, लहान मुलगा आईसमोर उभा राहावा तसे.

काही दिवसांनी वातावरण निवळलं. सागरच्या भावाचा फोन आला. सागर ते सांगायला स्वतः बाईंच्या घरी गेला आणि बाईंनी त्याला जेवू घालूनच सोडला. कॉलेजनं बाईंना पुन्हा बोलावलं. त्या आल्या, वर्ष पुरं केलं, पेपर तपासले, आणि कळंबला राहायला गेल्या. सामान न्यायला बापू ट्रॉली घेऊन आले होते. दुकानाचे मालक रस्त्यावर उभं राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होते.

बाई कळंबला फार वर्षं राहिल्या नाहीत. दुखणं आधीच आत शिरलं होतं, ते नंतर कळलं. पण त्या जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी एकदा न कळवता त्यांच्याकडं गेले होते. वस्तीवर पोचले तर रस्त्यापर्यंत भांडणाचा आवाज येत होता. बाई आणि बापू. इतक्या मोठ्यानं बोलताना मी बाईंना कधीच ऐकलं नव्हतं.

"सायकलीवर म्होरं मी बसायची! नळीवर! तात्यांनी माझ्यासाठी टॉवेल गुंडाळला हुता नळीला!"

"खोटं बोलतीस! म्होरं मी! तू मागं कॅरेजवर!"

"तू तवा जलमला तरी हुतास का?"

"जलमलो हुतो म्हंजी! तात्यांचा पाय लागायचा माझ्या पायाला पायंडल मारताना!"

मी फाटकातच थांबले. गोठ्यातून कमलवहिनी हात पुसत आल्या. "या की आत," म्हणाल्या. "सकाळपास्नं चाललंय. काल बी हेच हुतं."

मी म्हटलं, "थांबा, वहिनी. होऊ दे त्यांचं."

आम्ही दोघी कडुलिंबाच्या सावलीत बसलो. आत बाई पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.